दुपारचं तेल

कोल्हापुरात मनात ठेवायची पद्धत नाही. दिसलं की बोलायचं. एसटीच्या थांब्यावरचा अनोळखी माणूस तुम्हाला "पावणं, टक्कल पडाय लागलंय की" असं बिनदिक्कत सांगेल आणि वर आपण उपकार केले असं समजेल. मी त्याच मातीतला असल्यामुळं मला कधी त्याचं वाईट वाटलं नाही. मीही लोकांना असंच काहीबाही बोलत आलो. पण जुळ्यांच्या बाळंतपणानंतर माझ्या बायकोला हे बोलणं लागायला लागलं.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. पेठेत आमचा दुधाचा कट्टा होता. म्हणजे संध्याकाळी म्हशी रस्त्याच्या कडेला आणून बांधायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा. धार मी काढायचो, ग्लास ती भरायची. बाईमाणसानं कट्ट्यावर उभं राहायची रीत नव्हती, पण तिला रीत कोण सांगणार? मिशीला फेस लावून निघालेल्या माणसाला ती हाक मारून थांबवायची, "तोंड पुसा, न्हाय तर घरात मालकीण वळखायची न्हाय." लोक माझ्या म्हशींसाठी येतात असं मी मिरवत असे. खरं म्हणजे निम्मे तिच्या तोंडासाठी यायचे.

आधीचा एक मुलगा होताच. जुळी झाल्यावर पाळणा कायमचा थांबवला, पण पोट काही मागं गेलं नाही. कातडं सैल होऊन खाली लोंबायचं आणि बेंबीपाशी लिंबाएवढा गोळा वर यायचा. मग सुरू झालं. मंडईतली भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, कट्ट्यावरचं रोजचं गिऱ्हाईक, सगळ्यांचा एकच प्रश्न, "वैनी, कितवा म्हैना?" सुरुवातीला ती फटकन उत्तर द्यायची, "बाविसावा. हत्तीन हाय मी." माणसं हसायची, तीही हसायची. पुढं ती नुसतंच हसायला लागली. मग तेही थांबलं आणि एक दिवस तिनं कट्ट्यावर यायचंच बंद केलं. जुळी रडतात, हे कारण. जुळी तर शेजारच्या घरात खुशाल खेळत असायची.

मला तिच्या पोटाचं काही नव्हतं. धार काढताना ग्लास धरायला शेजारी ती असावी, एवढंच मला हवं होतं. आणि दुसरं म्हणजे ती माझ्याकडं पाठ करून साडी बदलायला लागली होती. आधी कधी असं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात कोण कुणाकडं पाठ करणार? पण ती भिंतीकडं तोंड करून, पदर दातात धरून बदलायची. ते मला सोसायचं नाही. बोलूनही दाखवता येत नव्हतं.

कट्ट्यावर एक तरुण डॉक्टर रोज दूध प्यायला यायचे. मुंबईला सर्जरी शिकून नुकतेच परतले होते. त्यांना मी बेंबीच्या गोळ्याचं सांगितलं. त्यांनी तिला तपासलं आणि हर्निया आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, पोट उघडतोच आहे तर लोंबणारं कातडं काढून टाकता येईल, आतले स्नायूही शिवून घट्ट करता येतील. पण ते शोभेचं काम आहे. करायलाच पाहिजे असं काही नाही. आणि व्रण मोठा राहील, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत."

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "काढा."

दसरा झाल्यावर ऑपरेशन झालं. दवाखान्यातून घरी आली ती कमरेत वाकून, जमिनीवरची सुई शोधत चालल्यासारखी. शिवण ताणू नये म्हणून सरळ उभं राहायचं नाही, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं, असा हुकूम होता. तिच्या मदतीला गडमुडशिंगीहून तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई आल्या. त्यांना मी मामी म्हणत असे. बाई मोठी मायाळू आणि तितकीच हट्टी. त्यांच्या मते पोट दुखवून अंथरुणावर पडलेल्या बाईला जगात एकच उपचार, तो म्हणजे बाळंतपण. मग मूल असो की नसो.

दुसऱ्याच दिवशी बाजेखाली शेगडी आली. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा पडल्या, घरभर धूर झाला. हिच्या कानात कापूस, डोक्याला फडकं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. आणि कळस म्हणजे जुन्या लुगड्याची घडी करून मामींनी तिचं पोट असं आवळून बांधलं की तिला श्वास घेता येईना. मी दारातून म्हणालो, "मामी, डॉक्टरांना एकदा विचारूया."

"पावणं, तुमी म्हशीचं बघा. बाईचं मी बघती."

मी म्हशीचं बघायला गेलो. सासूपुढं माझा आवाज कधी चालला नाही, आणि खरं सांगायचं तर लाडू मलाही मिळत होते.

ओव्याचा धूर गल्लीभर पसरला आणि व्हायचं तेच झालं. ऐन दिवाळीत शेजारची काकू टोपडं आणि झबलं घेऊन हजर. दारातूनच ओरडली, "अगं बया, कळवायचं तरी! मी वासावरनंच वळखलं. पोरगं का पोरगी?" आणि पाळणा कुठं बांधलाय ते बघायला लागली.

मामींनी तिला काय सांगितलं मला आठवत नाही. मला आठवते ती बाजेवर भिंतीकडं वळलेली पाठ. ज्या प्रश्नासाठी तिनं स्वतःला कापून घेतलं, तो प्रश्न टोपडं घेऊन घरात आला होता. ते टोपडं पिवळं होतं, काकूनं हातानं विणलेलं. त्या माउलीवर रागवायचं तरी कसं? म्हणून मी म्हशीवर रागावलो, आणि म्हशीनं त्या संध्याकाळी पान्हाच चोरला.

शेकानं आणि आवळण्यानं व्रण चांगलाच बिघडला. जखम मिटली होती, पण शिवणीची रेघ लालभडक झाली आणि उजव्या टोकाला दोरीसारखी जाड वर आली. त्यातून खाज. ती झोपेतही खाजवायची. एकदा मी विचारलं, "बघू तरी, कसं दिसतंय?" तर म्हणाली, "काय बघायचंय? आधीचं पोट नुसतं मोठं हुतं. आता दाभनानं शिवलेलं पोत्याचं तोंड हाय." आणि पुढं हळूच म्हणाली, "देवानं दिल्यालं कापून काढलं की. भोगायलाच पायजे."

हे तिचं बोलणं मला लागलं. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

रिक्षात घालून तिला डॉक्टरांकडं नेलं. मामीही सोबत बसल्या. डॉक्टरांनी पोट बघितलं, मग नाक वर करून वास घेतला आणि मामींकडं वळून म्हणाले, "मावशी, लाडू चालू ठेवा, आणि दोन मलाही पाठवा. शेगडी मात्र आजपासून बंद." मग त्यांनी आम्हा तिघांनाही समजेल असं सांगितलं. बरा होणारा व्रण आधी लाल होतो, कडक होतो, खाजतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याला निवायला वर्ष लागतं, काहींना जास्त. त्याला ऊन नको, शेक नको, नखं नकोत आणि परकराची नाडी नको, कारण नाडी नेमकी त्याच रेघेवर घासते. जाड टोकाला त्यांनी सुई दिली, ती पुढं अधूनमधून द्यावी लागणार होती. आणि रोज खोबरेल तेल लावून व्रण चोळायचा, म्हणजे आतला गठ्ठा मऊ पडतो.

"मला हात लाववत न्हाय डॉक्टर," ती म्हणाली. "बोट टेकलं की अंगावर काटा येतोय."

डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "मग तुम्ही करा. हात चांगला आहे तुमचा. दाबायचं, गोल फिरवायचं. ओढायचं नाही."

नाडी बंद झाली म्हणून मी बाजारातून गाऊन आणला. तेव्हा आमच्या गल्लीत गाऊन म्हणजे नवलाईच. मामींनी तो दोन हातांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यात बाई कुठं सुरू हुती आनि कापड कुठं संपतंय, कळंल का कुनाला?" पण गावी परतायच्या आधी त्यांनी लेकीचे दोन परकर उसवले, नाडी काढली आणि ज्या लुगड्यानं पोट आवळलं होतं त्याचीच चार बोटं रुंद मऊ पट्टी शिवून लावली. चुकलं असं त्या तोंडानं म्हणाल्या नाहीत. लेकीच्या उशाशी परकर ठेवले आणि एसटी गाठली.

आता प्रश्न जागेचा. पुढच्या खोलीत माणसांची ये-जा, मागच्या खोलीत पोरं. शेवटी वैरणीची खोली ठरली. गोठ्याला लागून, वर एक झरोका, त्यातून दुपारी उजेड खाली यायचा. सकाळची धार, डेअरी, शेणघाण उरकली की दुपारी मला तासभर मोकळा असे. मोठा शाळेत, जुळी काकूकडं. काकूला टोपड्याची इतकी रुखरुख लागली होती की ती दोघांना आनंदानं सांभाळायची. वैरणीच्या पेंढ्यांवर पोतं अंथरलं, त्यावर धुतलेली चादर, आणि पितळेच्या वाटीत तेल.

पहिल्या दिवशी ती तोंडावर पदर घेऊन झोपली. व्रण मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. मग मी तेलात बोटं बुडवली आणि जन्मभर जे करत आलो तेच केलं. अंगठा मुडपला, रेघ चिमटीत धरली आणि वरून खाली ओढली. धार काढतो तशी.

"अवो! मी काय म्हैस हाय व्हय?"

ती कळवळून उठली. मला हसू आलं आणि ते आवरेना. तिला हसू आलं नाही. माझ्या मुडपलेल्या अंगठ्याच्या पेरावर धार काढून काढून घट्टा पडला होता, तो तिला कानशीसारखा लागला होता. ती चादर गोळा करून निघून गेली आणि मग काही दिवस त्या विषयावर बोलणंच नाही. व्रण तिकडं खाजत राहिला, मी इकडं धुमसत राहिलो. माझा स्वभाव शीघ्रकोपी. गिऱ्हाइकावर, पोरांवर, महापालिकेच्या नळावर, सगळ्यांवर मी ओरडायचो.

मग एका दुपारी मी गोठ्यात नव्या म्हशीला वळण लावत होतो. नुकतीच विकत आणलेली, बुजरी, लाथ मारायची. मी तिच्या पाठीवर हात टाकून उगाच काहीबाही बोलत उभा होतो. ही मागं कधी येऊन थांबली कळलं नाही.

"तिच्याकडं जाताना आधी थोपटतासा," ती म्हणाली. "बोलतासा. ती हूं म्हनंपातूर कासंला हात लावत न्हायसा. माझ्याकडं आलासा ते थेट कामाला."

रागाचा हात म्हशीला कळतो, ती दूध वर चढवते, हे मी चार लोकांना शहाणपणानं सांगायचो. म्हशीखाली बसताना राग बाहेर ठेवून जायचो. घरात येताना मात्र तो बरोबर घेऊनच येत होतो.

"म्हशीला लावतासा तसा लावा," ती म्हणाली आणि वैरणीच्या खोलीत जाऊन झोपली.

त्या दिवशी मी आधी नुसता बसलो. अंगठ्याचा घट्टा लोण्यानं चोळून मऊ केला होता. तिच्या कमरेवर, व्रणापासून लांब, तळहात ठेवला आणि कट्ट्यावरच्या गोष्टी सांगायला लागलो. तालमीतला एक पैलवान रोज दोन ग्लास पितो, पण म्हशीनं शेपूट हलवली की मागं उडी मारतो. एक मास्तर फेस फुंकून खाली पाडतात आणि ग्लास भरलेला नाही म्हणून वाद घालतात. तिच्या अंगातला ताठा हळूहळू गेला. मग मी बोटाच्या पोटानं रेघेवर दाबलं, जरा थांबलो, गोल फिरवलं. पलीकडं म्हशी रवंथ करत होत्या. ती पदराआडून म्हणाली, "मास्तरांस्नी सांगायचं, फेसाचं पैसं परत देतो म्हनून," आणि खुदकन हसली. लगेच पोट धरून म्हणाली, "हसवू नगा वो, तानतंय."

मी हसवत राहिलो.

व्रण घाईनं बरा होत नाही. हिवाळाभर तो लालच होता, उन्हाळ्यात वांगी रंगावर आला. मला तर वाटायचं, हा असाच राहणार. पण जाड टोक बोटाखाली आधी सुतळीसारखं लागायचं, ते कधीतरी जाड दोऱ्यासारखं लागायला लागलं. खाज कमी झाली. आखाडात एका दुपारी माझ्या लक्षात आलं की तिच्या तोंडावर पदर नाही. ती झरोक्याकडं बघत सुपारी चघळत होती. आणखी काही दिवसांनी ती कोपरावर उठून स्वतःच बघायला लागली. "हितं जरा फिका झालाय का वो?" मी म्हणालो, झालाय. तेव्हा तो झाला नव्हता. पण पावसाळा संपेपर्यंत खरंच झाला.

गणपती गेल्यावर तिला डॉक्टरांकडं दाखवायचं होतं. नेमकी त्या दिवशी म्हैस विताना अडली, मला हलता येईना. ती एकटीच रिक्षा करून गेली. आली ती खुशीत. "चांगलं हाय म्हनाले. सुई बंद."

"आणि तेल?"

"तेल होळीपातूर लावा म्हनाले."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मोरपीस, आणि मालकाच्या हाकेसरशी म्हैस रस्त्यानं पळवायची. त्या वर्षी शिंगं तिनं रंगवली. दोन्ही हात वर करून, सरळ उभी राहून. आदल्या दिवाळीत ती कमरेत वाकलेली होती, हे बघणाऱ्याला खरं वाटलं नसतं. संध्याकाळी मी कट्ट्यावर म्हशी बांधल्या, मागं वळून बघतो तर ती ग्लास विसळत उभी. काही ठरवलं नव्हतं, काही बोलणं नव्हतं. मी पटकन म्हशीखाली बसलो, कारण डोळे भरून आले होते आणि कट्ट्यावर पेठेतली सगळी नंबरी माणसं हजर होती.

गल्लीतली एक बाई तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "वैनी, लई वाळलासा की. काय रोगबिग हाय का काय?"

"हाय की," ही म्हणाली. "सुखाचा रोग हाय. वशिल्याबिगर हुईत न्हाय कुनाला."

तिच्या त्या वाक्यावर कट्टा जो हसला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

होळी झाली. मी तेलाची वाटी धुवून मांडणीवर ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वैरणीच्या खोलीत भरून ठेवलेली. "पाडव्यापातूर म्हनाले हुते, माझ्याच ध्यानातनं गेलं," ती म्हणाली. गुढीपाडवाही झाला. व्रण तोवर कमरेवरच्या फिकट रेघेइतका उरला होता, उजव्या टोकाला जरासा रुंद. माझं बोट डोळे मिटूनही त्यावर बरोबर जायचं.

मग एका संध्याकाळी डॉक्टर दूध प्यायला आले. ही आत पातेली आणायला गेली होती. मी धार काढता काढता विचारलं, "डॉक्टर, तेल अजून कुठंपर्यंत लावायचं?"

त्यांचा ग्लास ओठापाशीच थांबला. "अजून लावताय? मी वहिनींना गणपतीनंतरच सांगितलं होतं की. आता काही गरज नाही, बंद करा म्हणून."

मी म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि धार चालू ठेवली. डॉक्टर हुशार माणूस. त्यांनी दूध संपवलं, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि ती बाहेर यायच्या आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वैरणीच्या खोलीत गेलो. ती चादर अंथरून, हात डोक्याखाली घेऊन आरामात पडली होती.

"उशीर झाला?" ती म्हणाली.

"काल डॉक्टर भेटले होते कट्ट्यावर. तेलाचं विचारलं त्यांना."

ती झरोक्याकडं बघत राहिली. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली होती. नवी नवरी असतानाही मी तिला अशी बघितली नव्हती.

"काय म्हनाले?"

मी वाटीत बोटं बुडवली.

"म्हणाले, अजून वर्षभर तरी लावायला लागंल."

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग पदर बाजूला केला.

"मग लावा की," ती म्हणाली.